वर्गशिक्षिकेने वळांबद्दल विचारले, म्हणून मुलाची शाळा बदलावी का?

ताई, माझा मुलगा धायरीतल्या एका शाळेत तिसरीत आहे. मागच्या आठवड्यात कवायतीच्या तासाला त्याचा शर्ट वर गेला आणि पाठीवरचे वळ बाईंना दिसले. त्यांनी मला बोलावून घेतले, मुख्याध्यापिकाही होत्या. मी सांगितले, जिन्यावरून पडला. ते त्यांनी वहीत लिहून घेतले आणि येत्या सोमवारी पुन्हा यायला सांगितले. खरे असे आहे की माझे पती टेम्पो चालवतात, वर्षभरात त्यांचे पिणे फार वाढले आहे आणि त्या रात्री त्यांनी मुलाला पट्ट्याने मारले. सासूबाई म्हणतात, मास्तरणीला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचे कारण काय, दाखला काढ आणि दुसऱ्या शाळेत घाल. मी पोळीभाजी केंद्रात कामाला जाते. पोलीस आले, मुलाला माझ्यापासून घेऊन गेले, तर मी काय करू?
— एक आई, पुणे

दाखला काढू नका. कारणे पुढे सांगते, पण सोमवार जवळ आला आहे म्हणून उत्तर आधी दिले.

तुमच्या मुलाच्या पाठीवरचे वळ ज्यांच्या नजरेतून सुटले नाहीत, ज्यांनी ते वर्गात सगळ्यांसमोर न विचारता तुम्हाला बाजूला बसवून विचारले, त्या बाईंनी तुमच्यावर आळ घेतलेला नाही. त्यांनी आपले काम केले आहे. तिसरीच्या वर्गातले मूल दिवसातले पाच तास त्यांच्या डोळ्यांसमोर असते. कोण डबा न खाता परत नेतो, कोण उन्हातही स्वेटर काढत नाही, शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कोणाचा पाय घराकडे वळत नाही, हे त्यांना कळते, कारण ते मूल आधी कसे होते हे त्यांनी पाहिलेले असते. शाळा बदललीत तर मार थांबणार नाही. मार ओळखणारी ही नजर मात्र जाईल, आणि नव्या बाईंना तुमचा मुलगा पहिल्या दिवसापासून गप्प बसणाराच वाटेल.

त्या वहीची तुम्हाला धास्ती वाटते. ती वही म्हणजे पोलिसांतली फिर्याद नव्हे. एखादा व्रण खरोखरच पडल्यामुळे असू शकतो आणि शिक्षिकेला एका दिवसात ते ठरवता येत नाही. म्हणून तारीख, दिसलेली खूण, मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत आणि पालकांनी जे सांगितले तेही, असे सगळे लिहून ठेवायचे असते. असे केले म्हणजे पुढे कोणाला ऐकीव गोष्टींवर निर्णय घ्यावा लागत नाही आणि मुलाला तीच हकीकत दहा जणांना सांगावी लागत नाही. ही नोंद उद्या तुमच्याही उपयोगी पडेल.

सगळ्या शाळा इतक्या काळजीने वागतात असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेले लैंगिक अत्याचार उघड झाल्यानंतर राज्य शासनाने शाळांमधील सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि शाळेत मुलांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी सखी सावित्री समिती यांविषयी कडक आदेश काढले, आणि ते आवश्यकच होते. पण कॅमेऱ्याला घरी झालेली मारहाण दिसत नाही आणि आठ वर्षांचे मूल तक्रारपेटीत चिठ्ठी टाकून वडिलांविरुद्ध बोलेल अशी अपेक्षा करणेही क्रूरपणाचे आहे. तिथे लक्ष देणारी शिक्षिकाच लागते, आणि ती तुमच्या मुलाला मिळाली आहे.

आता पोलिसांविषयी. मुलाला पट्ट्याने मारणे हा बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि मारणारा जन्मदाता आहे म्हणून त्याला सूट मिळत नाही. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण तुमची खरी भीती मूल हिरावले जाण्याची आहे, आणि त्याबाबत हाच कायदा काय म्हणतो ते लक्षात ठेवा. मुलाच्या सांभाळाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आहे आणि संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय आहे, हे त्याच्या मूळ तत्त्वांतच लिहिलेले आहे. शाळेने १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर कळवले आणि प्रकरण बाल कल्याण समितीपुढे गेले, तरी अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या त्या समितीपुढचा मुख्य प्रश्न हे मूल कोणाजवळ सुरक्षित राहील हाच असतो. जी आई मार लपवते तिच्याविषयी समितीला शंका येणे स्वाभाविक आहे. स्वतः पुढे येऊन मदत मागणाऱ्या आईजवळ मूल ठेवणे तिला पुष्कळ सोपे जाते. तुम्ही जिन्याची गोष्ट मुलाला वाचवण्यासाठी सांगितली असेल, पण तिने संरक्षण मिळाले ते मारणाऱ्याला.

म्हणून सोमवारी जा आणि खरे सांगा. आधी खोटे का बोललात तेही सांगा. घाबरलेल्या आया त्या दोघींनी यापूर्वीही पाहिल्या असतील. मग काही गोष्टी स्पष्ट मागा. शाळेत समुपदेशक येत असतील तर त्यांची वेळ. तुम्ही कामावरून येईपर्यंत मुलाला शाळेतून कोणी न्यायचे आणि कोणाच्या हाती द्यायचे नाही, हे लेखी. आणि घरी काही घडले तर शाळेत कोणाला फोन करायचा, ते नाव. हे वर्गात किंवा इतर पालकांत बोलले जाऊ नये, असेही सांगा. मात्र 'कोणालाच कळवू नका' असे वचन त्यांच्याकडून घेऊ नका. मुलाच्या जिवाला धोका दिसत असताना कोणत्याही शिक्षिकेने ते देऊ नये.

पतींचे पिणे सुटेपर्यंत मुलाने वाट पाहावी असे होऊ शकत नाही, तरीही त्या बाजूनेही पाऊल उचला. येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. तिथे पिणाऱ्याइतकेच त्याच्या घरच्यांशीही बोलले जाते. पती तयार नसले तरी तुम्ही एकट्या जाऊन भेटू शकता. सासूबाई घराबाहेर काढतील असे वाटत असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तुम्हाला त्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग घर कोणाच्याही नावावर असो. त्याच कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत स्वतःसाठी आणि मुलासाठीही संरक्षणाचा आदेश मागता येतो. पत्रात तुम्ही स्वतःला होणाऱ्या मारहाणीबद्दल एक अक्षर लिहिलेले नाही. ती होत असेल तर बाईंना तेही सांगा.

सोमवारच्या आधीच पती पुन्हा हात उचलू लागले तर मुलाला घेऊन शेजारी निघून जा आणि ११२ वर फोन करा. १०९८ ही चोवीस तास आणि विनामूल्य आहे. दोन्ही क्रमांक मुलाकडून पाठ करून घ्या.

एक काम मात्र आजच करा, आणि ते तुमच्याखेरीज कोणी करू शकणार नाही. आई बाईंसमोर खोटे बोलली, हे एव्हाना तुमच्या मुलाला कळले असेल, आणि आपणही गप्पच राहायचे असा अर्थ त्याने त्यातून काढला असेल. त्याला जवळ घ्या, मार बसला त्यात तुझी काही चूक नव्हती असे सांगा, बाईंना खरे सांगितलेस तर मी रागावणार नाही असे सांगा, आणि सोमवारी मी स्वतः बाईंना खरे सांगायला येणार आहे, हेही त्याला तुमच्याच तोंडून ऐकू द्या.