अर्जात ‘बांधून द्या’ लिहू नका

आईला व्हीलचेअरवर घेऊन गेलात, जुन्या वास्तूच्या तीन पायऱ्यांपाशी अडलात आणि आता रॅम्पसाठी अर्ज कसा करायचा असं विचारलंय. वाचून माझे बाबा आठवले. वास्तू वेगळी, पण नागपूर जिल्ह्यातलीच.

अर्ज, पोच, माहितीचा अधिकार हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी हुकलो तो एका शब्दात. ‘कृपया रॅम्प बांधून द्यावा’ असं लिहिलं. झालं! बांधून म्हणजे बांधकाम. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही, हा नियम पुढच्या आठ महिन्यांत मला तोंडपाठ झाला. कार्यालयाचं नाव घेत नाही. दर वेळी ‘वरून काही आलं नाही अजून’. एकदा साहेब म्हणाले, ‘दोन पोरं लावून उचलून न्या ना.’ बाबा ८४ किलोंचे. वजनाचं सोडा, पोत्यासारखं उचलून नेलेलं कोणाला आवडतं हो?

शेवटी ओळखीच्या एका आर्किटेक्ट ताईंनी वाक्य बदलून दिलं: ‘दगडाला खिळा न मारता ठेवायचा, काढता-घालता येणारा लाकडी रॅम्प’. तीन आठवड्यांत रॅम्प आला. आला म्हणजे काय, पाच फुटांची फळी! पायऱ्या मिळून उंची ४५ सेंटिमीटर. १ ला १२ उतार, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी, धरला तर ५.४ मीटर हवी. त्या फळीवरून व्हीलचेअर नाही, घसरगुंडी झाली असती. म्हणून लांबी, रुंदी, दोन्ही बाजूंचे कठडे, सगळं अर्जातच लिहा, पायऱ्यांना टेप लावलेला फोटो जोडा. योग्य रॅम्प लागला तोवर बाबांचं घराबाहेर पडणं बंद झालं होतं.

मी वकील नाही, आणि राज्याच्या यादीतल्या वास्तूंना कायदा वेगळा, तेवढं तपासून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४५ मात्र जरूर टाका. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती, आणि नियम जून २०१७ चे. हिशेब त्यांनाच करू द्या. माझं मत विचाराल तर ‘वारसा आहे, हात लावता येत नाही’ म्हणणाऱ्यांनी आवारात टाइल्स बसवताना हे कधी आठवलेलं मी पाहिलं नाही.

आणि हो, ॲल्युमिनियमचा रॅम्प देतो म्हणाले तर दोन्ही बाजूंच्या पाइपांवर लाकूड बसवून मागा. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी त्याला हात लावून बघा एकदा.