अपडेटनंतर फोन वाजेना. ‘मान्य आहे’ दाबलं म्हणून हक्क गेला का?

प्रश्न : मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. पेशंटच्या फोनवरच माझं काम चालतं. मध्यंतरी रात्री फोनमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचं अपडेट आपोआप झालं. तेव्हापासून स्क्रीन बंद असताना कॉल आला तर फोन वाजत नाही, नंतर नुसता मिस्ड कॉल दिसतो. गजरही कधी वाजतो, कधी नाही. ‘पुढच्या अपडेटमध्ये सुधारणा होईल,’ असं कंपनीनं ईमेलवर कळवलंय. सर्व्हिस सेंटर म्हणतं, बोर्ड बदलावा लागेल, वॉरंटी संपलीय, खर्च तुमचा. जुन्या व्हर्जनवर परत जाता येत नाही. अटींना ‘मान्य आहे’ मीच म्हटलं होतं. आता काही करता येईल का?

उत्तर : करता येईल. कंपनीचा ईमेल दोष सॉफ्टवेअरचा असल्याचं सुचवतो आणि तिचंच सर्व्हिस सेंटर तो बोर्डावर ढकलतं. हा विरोध कागदावर आणा, तुमच्या तक्रारीचा कणा तोच आहे. ईमेल हातात आहेच. सर्व्हिस सेंटरकडून मात्र जॉबशीट (फोन दुरुस्तीला दिल्याची तक्रारीसह नोंद) घ्या आणि तिच्यावर ‘अपडेटनंतर कॉलची रिंग वाजत नाही’ हे तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ते ‘फोन नीट चालत नाही’ एवढंच खरडतात, त्यावर सही करू नका.

वॉरंटी संपली हे खरं. पण वॉरंटी संपली म्हणून कंपनीला चालू फोन बिघडवायची मुभा मिळत नाही. इथे वस्तू वापरून झिजलेली नाही. कंपनीनं स्वतः पाठवलेल्या अपडेटनंतर ती बिघडली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या कलम २(११) नुसार सेवेतल्या त्रुटीत निष्काळजीपणा तर येतोच, शिवाय ग्राहकापासून महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही येतं. म्हणून अपडेटसोबत आलेली बदलांची यादी शोधून तिचा स्क्रीनशॉट ठेवा. लॉक स्क्रीनवरच्या घड्याळाचे नवे नमुने त्यात हौसेनं सांगितलेले असतील. रिंग बंद पडू शकते, हे कुठे लिहिलंय का ते पाहा. कंपनीच्याच मदत-पानांवर इतरांनीही हीच तक्रार केली असेल आणि त्यानंतरही अपडेट थांबवलं नसेल, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हा बचाव लंगडा पडतो.

सामनेवाले, म्हणजे कंपनी आणि विक्रेता, आणखी एक मुद्दा काढतील : अपडेट मोफत होतं आणि मोफत सेवा कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. कलम २(४२) मध्ये तशी तरतूद खरोखरच आहे. यावर उत्तर असं की फोन विकताना ‘इतकी वर्षं अपडेट मिळतील’ हे आमिष दाखवलं असेल, तर त्याची किंमत फोनच्या किमतीतच वसूल झाली. त्या वेळची जाहिरात किंवा खोक्यावरचा मजकूर असेल तर जोडा.

संमतीचं म्हणाल, तर तुम्ही अपडेटला होकार दिला, फोन मुका करायला नाही. अटी इतक्या एकतर्फी असतील तर कलम २(४६) खाली त्यांना अनुचित करार म्हणून आव्हान देता येतं. पण ती तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य ग्राहक आयोगात न्यावी लागते. एका फोनसाठी तो खटाटोप मी करणार नाही.

इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं २०१८ मध्ये अशाच प्रकरणात ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला होता. ग्राहकांना पुरेशी माहिती न देता जुन्या फोनवर अपडेट घ्यायला लावलं आणि फोन मंदावले, हा ठपका होता. आपल्याकडे तो निर्णय बंधनकारक नाही, तरी युक्तिवादात उल्लेख करायला हरकत नाही.

तुम्ही फोन व्यवसायासाठी वापरता, तरी स्वयंरोजगारातून पोट भरणारी व्यक्ती कलम २(७) प्रमाणे ग्राहकच ठरते. हुकलेल्या कामाची भरपाई मागा. मात्र डायरीतल्या नोंदी आणि एखाद्या पेशंटचं शपथपत्र नसेल, तर आयोग ती देईल अशी आशा धरू नका. दोष दूर करून देणं किंवा किंमत परत मिळणं, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढ्यावर भर द्या.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मग ब्रँडची भारतातली कंपनी आणि विक्रेता या दोघांना नोटीस पाठवा. तरी दाद लागली नाही, तर राहत्या जिल्ह्याच्या आयोगात जा. फोनसाठी मोजलेली किंमत ५ लाखांच्या आत असल्यानं शुल्क लागत नाही. तक्रार करायची मुदत २ वर्षांची असते. निकाल ३ महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर ५ महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला.

तोवर फॅक्टरी रिसेट करू नका. दुसऱ्या फोननं व्हिडिओ काढा : व्हर्जन क्रमांक, मग येणारा कॉल, मग न वाजणारा फोन, सगळं एकाच सलग चित्रीकरणात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याला प्रमाणपत्र जोडावं लागेल, ते वकील करून देईल. पुढचं अपडेट आलं तर ते घेण्याआधी आणि नंतर असंच चित्रीकरण करा. रिंग पुन्हा वाजू लागली, तर दोष बोर्डात नव्हता हे दाखवायला आणखी पुरावा शोधावा लागणार नाही. आणि बिलाचा फोटो आजच काढा, थर्मल कागदावरची अक्षरं २ वर्षं टिकतीलच असं नाही.