नातीचा ताबा आजी-आजोबांना मिळू शकतो का?

प्रश्न : आमची मुलगी तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. त्या वेळी पाच वर्षांची असलेली नात तेव्हापासून डिचोलीला आमच्याकडेच आहे आणि आता इथल्याच मराठी शाळेत तिसरीत शिकते. जावई वास्कोला नोकरी करतात. यंदा त्यांनी दुसरे लग्न केले असून आता मुलीला घेऊन जातो म्हणतात. मी ६१ वर्षांची आहे, यजमान ६८ वर्षांचे. कोर्टात गेल्यास नातीचा ताबा आम्हाला मिळेल का?
— एक आजी, डिचोली

उत्तर : आजी, आपली काळजी समजते, म्हणूनच खोटी आशा दाखवणार नाही. वडील हयात आहेत आणि मूल सांभाळण्यास ते अयोग्य आहेत असे न्यायालयाला वाटत नाही, तोवर १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली दुसऱ्या कोणाची पालक म्हणून नेमणूक होणे कठीण असते. दुसरे लग्न हा अयोग्यतेचा पुरावा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये अशाच एका प्रकरणात आई कर्करोगाने गेल्यावर मावशीकडे वाढलेले लहान मूल वडिलांच्या ताब्यात दिले होते. मावशीच्या मायेत काही उणे होते म्हणून तसे झाले नाही.

आजी-आजोबांच्या बाजूनेही निकाल झाले आहेत, मात्र त्यांतली परिस्थिती वेगळी होती. २००८च्या प्रकरणात वडिलांवर मुलाच्या आईच्या मृत्यूसंबंधीचाच खटला चालू होता आणि मुलाला आजोळीच राहायचे होते. २०२२च्या प्रकरणात कोविडने आईवडील दोघेही गेले होते. तिथे वय आणि उत्पन्न एवढ्यावरून आजी-आजोबांना डावलता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने नातवाचा ताबा ७१ वर्षांच्या आजोबांकडे आणि ६३ वर्षांच्या आजींकडे दिला. तेव्हा आपल्या वयाची धास्ती बाळगू नका.

न्यायालय पाहते ते मुलीचे हित. ताबा मागायचाच असेल, तर जावयांचे दोष मोजण्यापेक्षा नातीचे तीन वर्षांचे आयुष्य कागदावर आणा : शाळेतला दाखला आणि प्रगतिपुस्तके, लसीकरणाचे कार्ड, डॉक्टरांचे कागद, शिक्षिकेचे म्हणणे, आणि या काळात वडील किती वेळा भेटले, खर्चाला काही देत होते का, याची खरी नोंद. मुलगी समजत्या वयाची असल्यास तिची इच्छाही विचारात घेतली जाते आणि न्यायाधीश पुष्कळदा स्वतः तिच्याशी बोलतात. तिला काहीही पढवू नका. पढवलेले शब्द लगेच ओळखू येतात, आणि आठ वर्षांच्या मुलीवर दोन घरांतून एक निवडण्याचे ओझे टाकणे हा तिच्यावर अन्याय आहे.

माझ्या मते आपली खरी मागणी भेटीच्या हक्काची असावी. महिन्यातले ठरावीक शनिवार-रविवार, मे महिन्याच्या सुटीतले काही आठवडे, गणेशचवथीतले दोन दिवस आणि रोज फोन, असे तपशील अर्जात लिहून मागा. ‘अधूनमधून भेटू द्यावे’ असा मोघम आदेश पुढे भांडणाचे मूळ ठरतो. शाळेचे वर्ष संपेपर्यंत नात डिचोलीलाच राहावी, ही विनंतीही रास्त आहे. आधी मध्यस्थीत हे जमते का ते पाहा.

अर्ज मूल नेहमी राहते त्या जिल्ह्याच्या न्यायालयात करावा लागतो. आज नात डिचोलीला आहे, म्हणून तो उत्तर गोवा जिल्हा न्यायालयात करता येईल. ती वास्कोला राहायला गेली की प्रश्न दक्षिण गोव्याचा होईल. उशीर करू नका, पण तिला दुसऱ्या नातेवाइकाकडे लपवूनही ठेवू नका. त्याने आपलीच बाजू लंगडी पडते.

एक गोष्ट वेगळी ठेवा. गोव्याच्या कायद्यानुसार मुलीच्या वाट्याची मालमत्ता आता नातीची आहे, आणि त्यासाठी इन्व्हेंटरीची, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची, स्वतंत्र कार्यवाही असते. तो वाद ताब्याच्या अर्जात मिसळल्यास आपला हेतू मालमत्तेचा आहे असा संशय येतो.

वकिलाच्या फीची चिंता असल्यास, १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज आपल्या नावाने करा आणि वरची कागदपत्रे घेऊन विधी सेवा समितीच्या कार्यालयात याच आठवड्यात जाऊन या.