वाचकांचे प्रश्न : सेवेसाठी वेळ कुठून आणावा?

प्रश्न : मी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकतो. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवले, पण प्रभातफेरी, वृक्षारोपण आणि त्यांचे फोटो यांपलीकडे हाती काही लागले नाही. वडील म्हणतात, त्यापेक्षा अभ्यास कर. मला मात्र मनापासून काही करावेसे वाटते. काय करावे?

उत्तर : आधी वडिलांच्या काळजीविषयी. ती रास्त आहे; परंतु योजनेची अपेक्षा दोन वर्षांत 240 तासांची, म्हणजे वर्षाला 120 तासांची आहे. सात दिवसांचे निवासी शिबिर वेगळे धरले, तरी हा हिशेब आठवड्याला अडीच तासांच्या आतच राहतो. तेवढ्याने अभ्यास बुडत नाही, हे आकडे मांडून त्यांना शांतपणे सांगा.

तुमची खंतही मला खरी वाटते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत ही योजना सुरू झाली, ती विद्यार्थ्याने लोकांमध्ये जाऊन शिकावे म्हणून. तेव्हा महाविद्यालयात ही योजना पाहणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटून गेल्या पावसाळ्यात लावलेली रोपे कुठे आहेत, हे विचारा. जी जगली असतील, त्यांना होळीपासून पहिल्या पावसापर्यंत पाणी घालण्याची जबाबदारी चौघांनी वाटून घ्या. त्याचे फोटो कोणी काढणार नाही, पण झाड जगते ते त्या तीन महिन्यांत.

याहून निकडीचे एक काम सुचवतो, ते म्हणजे अंध विद्यार्थ्यांचा लेखनिक होणे, म्हणजे परीक्षेत ते सांगतील ती उत्तरे लिहून देणे. परीक्षा जवळ आल्या की ही मुले लेखनिकासाठी ओळखीपाळखीत फोन करत फिरतात. परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी कमी असावे, असे केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले होते. म्हणून सध्याच्या नियमांनुसार कोणाचा पेपर तुम्हाला लिहिता येईल, याची परीक्षा विभागात आधीच खात्री करून घ्या. दर तासामागे किमान वीस मिनिटे जादा मिळत असल्याने तीन तासांचा पेपर चार तास चालतो, हेही ध्यानात ठेवा. प्रश्न सावकाश, गुणांसह वाचून दाखवायचा, परीक्षार्थी सांगेल तेच त्याच्याच शब्दांत उतरवायचे, आणि उत्तर चुकते आहे हे दिसत असले तरी चकार शब्द काढायचा नाही. ऐकायला हे सोपे वाटते, पण चार तास असे लिहिताना बोटांपेक्षा मनच अधिक थकते.

मी कार्यक्रम अधिकारी असताना आमच्या एका स्वयंसेवकाने ऐन पेपरच्या सकाळी आजारी असल्याचे कळवले. खरे तर तो मित्रांबरोबर सहलीला गेला होता. परीक्षा केंद्राच्या फाटकाशी हातात पांढरी काठी घेऊन उभी असलेली ती मुलगी, ‘सर, दुसरं कोणी मिळेल का?’ एवढेच विचारत होती. दुसरे कोणी मिळेपर्यंत अर्धा तास गेला. ते आठवले की आजही मला अपराधी वाटते, कारण पर्यायी लेखनिक तयार ठेवणे माझे काम होते.

म्हणून होकार देण्यापूर्वी स्वतःचे वेळापत्रक त्या विद्यार्थ्याच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा, जमणार नसेल तर त्याच दिवशी नाही म्हणा, आणि एकदा हो म्हटल्यावर आदल्या संध्याकाळी त्याला भेटून या. लिहिण्याचा वेग आणि आवाजाची सवय दोघांनाही लागते. पहिला पेपर लिहून आलात की जरूर कळवा.