जुना बिदरी हुक्का चिंचेने उजळावा का?

आजोबांच्या बिदरी हुक्क्यावरची नक्षी काळवंडून दिसेनाशी झाली आहे, तो घरीच चिंच लावून उजळावा का आणि विकल्यास किती रुपये येतील, असे तुम्ही विचारले आहे. चिंच, लिंबू किंवा पितळ घासायची पूड यांपैकी काहीही त्याला लावू नका. बिदरी म्हणजे बीदरचे चांदी जडवलेले धातुकाम आणि तिचा काळा रंग म्हणजे मळ नव्हे. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, कोरलेल्या रेषांत चांदीची तार ठोकून बसवतात आणि अखेरीस बीदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या मिश्रणाने जस्त काळे करतात. चांदी तशीच पांढरी राहते, म्हणूनच ती उठून दिसते. आंबट पदार्थ नेमका तो काळा थर खातो.

आमचे घर उदगीरचे. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होते, त्यामुळे इकडच्या जुन्या वाड्यांत बिदरी सापडणे नवलाचे नाही. पणजोबांच्या हुक्क्याच्या घंटेसारख्या भांड्यावर खसखशीच्या फुलांची तारकशी होती. माझ्या धाकट्या काकांनी एका दिवाळीआधी ते पॉलिशवाल्याकडे दिले आणि त्याने चाकावर धरून सगळा काळा थर उतरवला. करडे जस्त आणि पांढरी चांदी एकमेकांत मिसळून गेल्यावर फूल कोठे आणि पान कोठे हे कळेना. काही जागी तर तारही झिजून गेली. काका मात्र ‘आता कसं लखलखतंय’ म्हणून ते पाहुण्यांना दाखवत राहिले. पुढे मी ते बीदरच्या एका कारागिराकडे नेले. त्यांनी तार नव्याने बसवली, पुन्हा काळा रंग चढवला आणि फुले परत दिसू लागली. हा खर्च वाया गेला, घरच्या वस्तूचे काय करायचे ते घरच्यांनी ठरवावे, असे काका आजही म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. कारागिराने काळ्यावर पांढरे दिसावे म्हणून घेतलेले कष्ट पुसून टाकण्याचा हक्क वारशाने मिळत नाही.

तुमच्या हुक्क्यावर बहुधा इतक्या वर्षांत चांदीच काळी पडली असावी. मऊ कापडावर थोडे खोबरेल घेऊन हलक्या हाताने पुसून पाहा. आतली तंबाखूची राप कोमट पाण्याने काढा, मात्र भांडे लगेच कोरडे करा. चीर असल्यास साध्या डागकाम करणाऱ्याकडे देऊ नका, कारण जस्त सुमारे ४१९ अंश सेल्सिअसलाच वितळते. अर्थात, काळा रंग आधीच उडालेला असेल तर तेलाने काही साधणार नाही, कारागीरच गाठावा लागेल. किमतीचा अंदाज पाहिल्याशिवाय देता येत नाही. मूळ तार शाबूत असेल तर मोल अधिक, एवढे खरे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.

घरातले वडीलधारे पॉलिशचा हट्ट धरत असतील, तर त्यांचा मान राखून पण स्पष्ट नकार द्या. त्या दिवाळीआधी मी गावी असतो तर काकांना तेच सांगितले असते.