नखाएवढ्या जागेत काळी-पिवळी

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात स्वतःचा गेम आणणाऱ्यांची पत्रं या महिन्यात बरीच आली आणि बहुतेकांची अडचण एकच: स्टोअरमधलं मुखपृष्ठ, म्हणजे कॅप्सूल. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघांनी ‘शेवटचं भाडं’ हा गेम केलाय. रात्रीच्या मुंबईत काळी-पिवळी चालवायची आणि गिऱ्हाइकांशी बोलत त्यांच्या गोष्टी उलगडायच्या. कव्हरवर सुसाट टॅक्सी आहे, मागे गेटवे, सीएसएमटी, लोकल, रिक्षा. लॅपटॉपवर झकास दिसतं, पण स्टोअरमध्ये कोणी थांबत नाही. (डोंबिवली)

उत्तर : चित्र आधी मोठं काढून मग लहान केलंय, खरी चूक तिथे आहे. स्टीमला छोटं कॅप्सूल ४६२ × १७४ पिक्सेलचं द्यायचं असतं, पण स्टीम त्यातूनच १८४ × ६९ आणि १२० × ४५ अशा आणखी लहान प्रती तयार करतं. शोधयादीत लोक तुम्हाला त्या आकारात पाहतात. ४६२चे १२० झाले की प्रत्येक गोष्ट जवळपास चौपट लहान होते. गेटवेचा करडा ठिपका उरतो, लोकलची एक रेघ, आणि टॅक्सीचा काळा रंग रात्रीच्या काळ्यात मिसळून जातो. त्यात स्टीमचं पान स्वतःच गडद निळसर आहे. कडेपर्यंत काळोख असलेलं चित्र त्या पानात विरघळतं, चौकटसुद्धा कळत नाही.

दुसरी चूक जास्त महाग पडेल. सुसाट टॅक्सी पाहून शर्यतीचे गेम खेळणारे आत येतील, त्यांना संवाद मिळतील आणि ते पैसे परत मागतील. खरेदीला १४ दिवस व्हायच्या आत आणि खेळून दोन तास व्हायच्या आत स्टीम पैसे परत देतं. ज्यांना गोष्टीचे गेम आवडतात ते मात्र ‘गाड्यांचा दिसतोय’ म्हणून पुढे जातील. गेम कोणत्या जातीचा आहे हे कव्हरने आधी सांगायचं, मुंबई नंतर.

तुमच्या गेमचा प्राण आहे तो ड्रायव्हरच्या समोरचा, मागचं दाखवणारा आरसा. आरशात मागच्या सीटवरच्या गिऱ्हाइकाचे डोळे, खाली ड्रायव्हरच्या खांद्याची कड, काचेवर पावसाचे थेंब. बोलणं, संशय, रात्र, सगळं त्या एका वस्तूत आलं. आरसा मुळात आडवा असल्याने आडव्या कॅप्सूलमध्ये तो सहज बसतो. उभ्यामध्ये आरसा वर आणि खांदा खाली. पिवळा रंग टपापुरता न ठेवता बाहेरच्या दिव्याच्या उजेडातून आत आणा आणि तो आरशाच्या कडेवर पडू द्या. अंधारात तीच एक कड डोळ्यात भरेल.

काम या क्रमाने करा. १२० × ४५चा कॅनव्हास उघडा, झूम शंभर टक्क्यांवर ठेवा आणि काळा, करडा, पांढरा एवढ्याच तीन छटांत दहा-बारा कच्चे आराखडे करा. तपशील काढायला तिथे जागाच नाही, आणि तेच हवंय. जो आराखडा त्या आकारात बोलतो तोच मोठा करा, रंग त्यानंतर. मग स्टीमवर तुमच्यासारख्या गेमचा शोध घ्या, यादीचा स्क्रीनशॉट काढा, त्यात आपलं कॅप्सूल चिकटवा आणि फोनवर पाठवा. हलत्या लोकलमध्ये हातभर अंतरावरून पाहा. गेम माहीत नसलेल्या माणसाला दोन सेकंद दाखवून फोन खिशात टाका आणि विचारा, ‘यात काय करायचं असेल?’ ‘आवडलं का?’ असं विचारू नका; ओळखीतला माणूस हो म्हणतोच.

आणि रिक्षा काढा. वांद्रे-सायनच्या दक्षिणेला रिक्षा नसते. सीएसएमटीसमोर ती दिसली की मुंबईकराचा गेमवरचा विश्वास तिथेच उडतो. टॅक्सी प्रीमियर पद्मिनी असेल तर गेमचा काळ ऑक्टोबर २०२३च्या आधीचा ठेवा, कारण तेव्हा ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली.

प्रश्न : याच गेमचं नाव कव्हरवर देवनागरीत लिहावं की रोमनमध्ये? (डोंबिवली, त्याच पत्रातून)

उत्तर : छोट्या कॅप्सूलवर एकच लिपी ठेवा. दोन्ही घातल्या तर दोन्ही वाचता येत नाहीत. स्टोअरच्या पानावर नाव ज्या लिपीत नोंदवलंय तीच कॅप्सूलवर असावी, नाहीतर चित्र पाहून शोधणाऱ्याला गेम सापडत नाही.

देवनागरी घेणार असाल तर तिची जागेची गरज समजून घ्या. वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार यांच्यामुळे तेवढ्याच उंचीत अक्षराचं अंग रोमनपेक्षा लहान होतं. तुमचं नाव त्या बाबतीत नशीबवान आहे: ‘शेवटचं भाडं’मध्ये खाली उकार नाही, त्यामुळे दोन ओळी एकमेकींच्या जवळ घेता येतात. धोका आहे तो अनुस्वारांचा. १२० पिक्सेलमध्ये ते पुसले गेले तर ‘भाडं’चं ‘भाड’ होतं, आणि तो शब्द मराठीत कशासाठी वापरतात ते सांगायला नको. म्हणून ४६२च्या फाइलमध्ये अनुस्वाराचा ठिपका ११-१२ पिक्सेलचा ठेवा, म्हणजे सर्वांत लहान प्रतीत तो तीनेक पिक्सेल उरेल. अक्षरांची रेघ आठ पिक्सेलपेक्षा बारीक नको. शिरोरेषा चित्राच्या उजळ भागावरून नेऊ नका. ती तुटली की शब्द सुटा होतो.

मुंबईतल्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामात चालतात. त्यांचाच ‘मोदक’ हा फॉन्ट मोठ्या आकारात फार गोड दिसतो, पण त्याच्या अक्षरांच्या पोटातली जागा मुळातच चिमटीएवढी आहे. लहान कॅप्सूलमध्ये तो नुसता गोळा होतो.

प्रश्न : आमचा चित्रकार मासिकांची मुखपृष्ठं करणारा आहे. त्याने ए-३ आकाराची सुंदर फाइल दिली, पण अपलोड केल्यावर रंग मेले आणि दर आकारात कोणाचं तरी डोकं कापलं जातंय. (परळ)

उत्तर : रंग मेले कारण फाइल सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीत आहे. काम पहिल्यापासून एसआरजीबी या पडद्याच्या रंगपद्धतीतच करायला सांगा. शेवटी रूपांतर केलं तर छपाईच्या चौकटीत दबलेला पिवळा-निळा परत येत नाही. तीनशे डीपीआयला (छपाईत इंचाला किती ठिपके, ते माप) इथे अर्थ नाही, फक्त पिक्सेल मोजतात.

डोकी कापली जातात कारण एकच चित्र सगळीकडे कातरलं जातंय. शीर्ष कॅप्सूल ९२० × ४३०, मुख्य १२३२ × ७०६, उभं ७४८ × ८९६, लायब्ररीचं (खेळाडूने घेतलेल्या गेमच्या यादीतलं) ६०० × ९०० आणि छोटं ४६२ × १७४. ही पाच वेगळी प्रमाणं आहेत, म्हणून पाच वेळा मांडणी करायची. त्यासाठी चित्राचे थर (लेयर) सुटे हवेत: पार्श्वभूमी (चारही बाजूंनी जादा रंगवलेली), प्रत्येक पात्र संपूर्ण, म्हणजे दुसऱ्याच्या मागे झाकलेला भागही काढलेला, उजेड-धूर वेगळा, नाव वेगळं. झाकलेला भाग न काढल्याने पात्र सरकवता येत नाही, आणि हे बहुतेक वेळा अपलोडच्या रात्री लक्षात येतं. छोट्या कॅप्सूलमध्ये चित्राला थोडी जागा आणि नावाला जवळपास सगळी द्या. लायब्ररीचं रुंद चित्र ३८४० × १२४० असतं. त्यावर नाव घालायचं नाही, ते पारदर्शक पीएनजी म्हणून वेगळं जातं. महत्त्वाचा भाग मधल्या ८६० × ३८० मध्ये ठेवा, कारण खिडकी लहान झाली की कडा कापल्या जातात.

प्रश्न : महोत्सवात बक्षीस मिळालंय. त्याचा शिक्का आणि ‘५० टक्के सूट’ कव्हरवर टाकू का? (मुलुंड)

उत्तर : नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. बक्षीस, परीक्षणातले तारे, सूट, दुसऱ्या गेमची जाहिरात, काहीही नाही. बक्षिसाचा उल्लेख पानावरच्या वर्णनात करा. मोठा अपडेट आला तर त्याचं नाव असलेलं तात्पुरतं कव्हर लावायची सोय आहे, एका वेळी जास्तीत जास्त महिनाभर.

प्रश्न : चित्रकार मित्रच आहे, पैसे ठरलेत, दिलेतही. कागद करायला हवा का? (अंधेरी)

उत्तर : हवाच, आणि मैत्री टिकावी असं वाटत असेल तर आधीच. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सही केलेलं असावं लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरतात. प्रदेश लिहिला नाही तर हक्क भारतापुरतेच धरले जातात, आणि तुम्ही तर पहिल्या दिवसापासून जगभर विकणार. हस्तांतरित हक्क वर्षभरात वापरला नाही तर तोही सुटतो, तसं नको असेल तर करारात लिहावं लागतं.

म्हणून दोन पानांत एवढं घ्या: जगभर, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, सगळ्या माध्यमांत, कापणं, रंग बदलणं, हलतं करणं यांची परवानगी, थरांसह मूळ फाइल, फॉन्टचा परवाना कोणाच्या नावावर, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, श्रेय कुठे आणि कसं. चित्रात एआयने केलेला भाग असेल तर तो चित्रकाराने लेखी सांगावा, कारण जानेवारी २०२४ पासून स्टीमच्या प्रश्नावलीत तुम्हाला ते जाहीर करावं लागतं. टीशर्ट-पोस्टर विकायचा विचार असेल तर त्याचे पैसे वेगळे ठरवा. कव्हरच्या पैशांत ते गृहीत धरणं मित्रावर अन्याय आहे.

तारखाही त्याच कागदावर घाला. गेम ‘लवकरच’ येतोय असं सांगणारं स्टोअरचं पान प्रकाशनाच्या किमान दोन आठवडे आधी लागलेलं असावं लागतं, स्टीमच्या तपासणीला तीन ते पाच कामाचे दिवस जातात, आणि कव्हर त्याच्याही आधी हातात हवं. गणपतीच्या दहा दिवसांत फाइल मिळेल असं धरू नका.