वाचकांचे प्रश्न : सरकारी ऊर्जा कंपन्यांतील हिस्साविक्री

निर्गुंतवणूक आणि खासगीकरण यांची गल्लत करणारी पत्रे अजूनही येतच असल्याने या वेळी त्याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत. सरकारने कंपनीतला आपला हिस्सा विकला की ती निर्गुंतवणूक; कंपनीचा ताबाच खासगी हाती गेला, तर ते खासगीकरण.

कोल इंडियाचे शेअर बाजारात आले, म्हणजे आमच्या खाणी खासगी झाल्या का? (चंद्रपूर)

नाही, कोल इंडियात आजही सुमारे ६३ टक्के हिस्सा केंद्र सरकारचाच आहे.

आयपीओत (शेअरच्या पहिल्या जाहीर विक्रीत) आम्ही भरलेले पैसे कंपनीच्याच कामी येतात ना? (सांगली)

नेहमीच नाही. २०१० साली सरकारने कोल इंडियातील आपले १० टक्के शेअर २४५ रुपये भावाने विकले आणि जमलेले सुमारे १५ हजार कोटी रुपये तिजोरीत गेले. याउलट नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारी वीज कंपनी एनटीपीसीच्या एनटीपीसी ग्रीन या हरित ऊर्जा कंपनीने नवे शेअर काढून उभारलेले १० हजार कोटी रुपये कंपनीकडेच आले. माहितीपत्रकात निधीच्या विनियोगाचे पान आधी उघडावे; विक्री केवळ सरकारी हिश्श्याची असेल, तर कंपनीला त्यातून काहीही मिळणार नाही, असे तिथे स्वच्छ लिहिलेले असते. उमगले नाही, तर सनदी लेखापालाला विचारावे.

सरकारने हिस्सा विकावा की नाही? एचपीसीएल (हिंदुस्तान पेट्रोलियम) या तेल कंपनीच्या व्यवहारात तर दोन्ही कंपन्या सरकारीच होत्या. (पुणे)

विकावा, पण घेणारा खरा असावा. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने एचपीसीएलमधील ५१.११ टक्के हिस्सा ओएनजीसी या तेल शोधून काढणाऱ्या सरकारी कंपनीला ३६,९१५ कोटी रुपयांना दिला. ही रक्कम निर्गुंतवणुकीच्या खात्यावर जमा झाली, मालकी मात्र सरकारच्याच घरात राहिली आणि त्यासाठी ओएनजीसीला कर्ज काढावे लागले. ज्या कंपनीची मदार १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायसारख्या जुन्या तेलक्षेत्रांवर आहे आणि ज्या देशाला चार-पंचमांशाहून अधिक कच्चे तेल आयात करावे लागते, तिथे हा पैसा नव्या विहिरी खोदण्यासाठी लागायला हवा होता. पुढे २०१९ मध्ये वीज प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या आरईसीतला सरकारचा हिस्सा पीएफसी या तशाच सरकारी कंपनीने घेतला, तर २०२० मध्ये टीएचडीसी आणि नीपको या सरकारी वीजनिर्मिती कंपन्या एनटीपीसीकडे गेल्या. या खिशातून त्या खिशात गेलेल्या पैशाला विक्री म्हणणे मला मान्य नाही. अल्प हिस्सा लोकांना विकला, तर निदान दर तिमाहीला हिशेब मांडावा लागतो आणि लहान भागधारकालाही वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो. तेव्हा निर्गुंतवणुकीचा आकडा वाचताना खरेदीदार कोण, हे आधी पाहावे.

बीपीसीएल (भारत पेट्रोलियम) या सरकारी तेल कंपनीची विक्री पुन्हा निघणार, आत्ताच शेअर घ्या, असे एजंट सांगतो. निवृत्तीचे पैसे घालू का? (ठाणे)

ऐकीव बातमीवर मुळीच घालू नका. ५२.९८ टक्के हिस्सा विकण्याचा निर्णय नोव्हेंबर २०१९ मध्ये झाला, रेंगाळत राहिला, अखेरीस एकच बोलीदार उरला आणि मे २०२२ मध्ये विक्री रद्द झाली. त्या अडीच वर्षांत किती जण 'खात्रीची' खबर विकत होते, हे मी पाहिले आहे. एजंटाला कमिशन तुमच्या खरेदीवर मिळते, नफ्यावर नव्हे. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला भेटा, त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासा आणि तोवर पैसे बँकेतच राहू द्या.